पिकअपचं नाक खाली दिसतं. अडीच इंचाचं लेव्हलिंग किट बसवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिकअपला पुढे कॉइल स्प्रिंगचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेला भाग), मागे पाटे. रिकामी उभी असताना चाकांच्या कमानींपाशी पुढे-मागे दोन इंचांचा फरक दिसतो. हौद्यात कधी माल असतो, कधी नसतो. अडीच इंचाचं लेव्हलिंग किट, म्हणजे पुढची बाजू उचलणारं साहित्य, घालून गाडी सरळ करावी का, आणि स्पेसर (मध्ये घालायची जाड चकती) बरा की ॲडजस्टेबल शॉक?

अडीच इंच नको. तुम्हाला बहुधा एक-सव्वा इंच पुरेल, पण तेही मोजून ठरवा.

कमानीवरून घेतलेलं माप फसवं असतं, कारण पुढची आणि मागची कमान मुळातच एका उंचीवर कापलेली नसते. त्याऐवजी दाराखालच्या पट्टीची सरळ कड धरा. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये ठरलेली हवा, चाकं सरळ. आधी दहा-वीस मीटर पुढे-मागे फिरवून आणा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. नुकती जॅकवरून उतरवलेली गाडी कधीच मोजू नका. आता पुढच्या चाकाच्या मागे एक खूण आणि मागच्या चाकाच्या पुढे एक खूण करून दोन्हीकडे जमिनीपासूनची उंची घ्या. समजा खुणांमध्ये 1.6 मीटर अंतर आहे आणि उंचीत 20 मि.मी. फरक निघाला. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 3.2 मीटर असेल, तर दोन ॲक्सलांमधला खरा उतार 40 मि.मी. झाला. त्यातला 10 ते 15 मि.मी. ठेवायचाच. म्हणजे चाकापाशी उचल हवी 25 ते 30 मि.मी. अडीच इंच म्हणजे 63 मि.मी.; ते घातलं तर हौदा रिकामा असतानाच नाक मागच्यापेक्षा 23 मि.मी. वर जाईल.

हेच माप नेहमीचा माल भरून पुन्हा घ्या. ट्रेलर लावत असाल तर तो जोडून घ्या. कारखान्यातून मागची बाजू उंच ठेवलेली असते ती याच क्षणासाठी. माल भरल्यावर पट्टी सपाट होत असेल, तर तो उतार आपलं काम नीट करतोय. तिथे पुढून उचल दिली की भरलेल्या गाडीचं नाक आकाशाकडे जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. दोन्ही अवस्थांत गाडी सरळ हवी असेल तर पुढे थोडी उचल आणि मागे जादा पाटा किंवा हवेची बॅग, अशी जोडी लागते. मात्र त्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात, तेव्हा कंपनीने दिलेली मर्यादा तीच.

आणखी एक तपासणी खरेदीच्या आधी करा. पुढच्या स्प्रिंगा थकल्या असतील, किंवा पुढे विंच आणि लोखंडी बंपर लावलेला असेल, तर नाक त्यामुळे बसलेलं असतं. मापाच्या पुस्तिकेतल्या उंचीपेक्षा गाडी खाली असेल तर स्पेसर हे उत्तर नाही. त्या वजनाला साजेशी स्प्रिंग घाला.

आता मुख्य मुद्दा. चाक वर जायला जेवढी जागा असते तशीच खाली लोंबायलाही असते. पुढची चाकं खड्ड्यात उतरतात ती या खालच्या जागेच्या जोरावर. लेव्हलिंग किट जो इंच देतं, तो याच जागेतून घेतं किंवा सांध्यांना जास्त वाकवून घेतं. दोन्हीपैकी काय होतं, ते किटच्या जातीवर ठरतं.

स्ट्रटच्या माथ्यावर, बॉडीच्या टॉवरखाली बसणारा स्पेसर सगळ्यात सोपा. स्प्रिंग दाबावी लागत नाही, आणि चालण्याचा पोत जवळपास पहिल्यासारखाच राहतो. स्ट्रट खालच्या आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर धरलेला असल्याने 13 ते 15 मि.मी. जाडीचा स्पेसर चाकापाशी जवळपास दुप्पट उचल देतो. अनेकांची फसगत इथेच होते: एक इंच उचल हवी म्हणून एक इंच जाड चकती घेतात आणि गाडी दोन इंच वर जाते. खोक्यावरचा आकडा चकतीच्या जाडीचा आहे की चाकापाशी मिळणाऱ्या उचलीचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. या जातीचा तोटा दोन टोकांना दिसतो. चाक पूर्ण लोंबलं की ते आता पूर्वीपेक्षा खाली जातं, त्यामुळे वरचा बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचा सांधा जास्त वाकतो, आणि काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला घासतो. दुसरीकडे, जोराचा दणका बसला की चॅसीवरचा रबरी स्टॉप लागायच्या आधीच शॉक आतून तळाला टेकू शकतो. ठराविक मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येत असेल तर तो हाच.

स्प्रिंग आणि तिच्या वरच्या टोपीच्या मध्ये घालायचा प्रीलोड स्पेसर (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारा) वेगळा वागतो. शॉकची पूर्ण उघडलेली लांबी तीच राहते, म्हणून सांधे जास्त वाकत नाहीत. पण गाडी वर बसते आणि खाली लोंबायची जागा तेवढी कमी होते. गतिरोधकावरून उतरताना शॉक पूर्ण उघडून ठक्क असा आवाज देतो. लोक म्हणतात स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंगचा कडकपणा तोच असतो, संपते ती खालची जागा. शिवाय हा बसवायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दाबलेल्या स्प्रिंगेवर मधला नट घाईने खोलणं जिवावर बेतू शकतं.

ॲडजस्टेबल शॉकवर स्प्रिंगेची खालची बैठक वर-खाली करता येते. बिल्स्टाइन 5100 सारख्यावर त्यासाठी खाचा आणि त्यांत बसणारी सर्कलिपची कडी असते, तर काहींवर आटे असलेली कॉलर. तत्त्व प्रीलोडचंच आहे, पण शॉक नवा असतो आणि त्याचं व्हॉल्व्हिंग (आतल्या तेलाच्या वाटांची मांडणी) त्या उंचीचा विचार करून केलेलं असतं. तुमचे शॉक बरेच चाललेले असतील तर मी हाच पर्याय निवडेन. स्पेसर घालून जुना शॉक पुन्हा बसवायचा म्हणजे तीच मजुरी वर्षभरात दुसऱ्यांदा. शॉक नवे असतील आणि उचल इंचभरच हवी असेल, तर माथ्यावरचा पातळ स्पेसर बिनधास्त घ्या. एवढ्यात सांधे ताणत नाहीत. दोन इंचांच्या पुढे जायचं म्हटलं की वरचा आर्म बदलणं आणि पुढचा डिफरन्शियल थोडा खाली घेणं हे खर्च मागोमाग येतात.

तुमचं सोडून इतर रचनांबद्दल थोडक्यात. टॉर्शन बार (कॉइलऐवजी पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ शेव्हरोले सिल्व्हराडो 2500 एचडी, ॲडजस्टिंग बोल्ट फिरवूनच उंची मिळते. बारच्या टोकाला बसणारा ‘की’ नावाचा वेगळा तुकडा फक्त फिरवायला जास्त वाव देतो. पुढे सलग ॲक्सल असलेल्या रॅम 2500 सारख्या गाडीत स्प्रिंगेवर स्पेसर घातला की ट्रॅक बार (ॲक्सलला चॅसीशी आडवा जोडणारा दांडा) ॲक्सलला त्याच्या चॅसीकडच्या टोकाच्या दिशेला ओढतो, म्हणून लांबी बदलणारा बार किंवा ब्रॅकेट किटमध्येच हवा.

किट हातात घेतल्यावर साहित्य बघा. स्पेसर ॲल्युमिनियमचा असो, पोलादाचा असो वा पॉलियुरेथेनचा, दोन्ही तोंडं समतल हवीत. स्टड ठोकून बसवलेले असतील तर ते फिरत नाहीत ना, ते पाहा. बोल्टच्या डोक्यावर 10.9 असा आकडा असावा आणि नायलॉनचे लॉकनट नवे मिळावेत. खडबडीत कास्टिंग, न लिहिलेले टॉर्क आकडे आणि "सर्व मॉडेलना चालेल" असा दावा दिसला तर ठेवून द्या.

बसवताना गाडी चॅसीखाली स्टँडवर घ्या, मागच्या चाकांना अडण्या लावा, अँटीरोल बारच्या लिंक दोन्ही बाजूंनी सोडा. एकच बाजू सोडली तर बार दुसऱ्या बाजूने ताण देतो आणि स्ट्रट जागेवर येत नाही. वरचा बॉल जॉइंट सुटल्यावर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेरच्या अंगाला कलू देऊ नका. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ताणला जातो आणि शाफ्टचा आतला सांधा सुटू शकतो. नकल तारेने वर बांधून ठेवा. सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र शेवटची आहे: आर्मचे बुश (रबरी सांधे) असलेले बोल्ट चाक लोंबत असताना कसणं. तसं केलं की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची चुकीची दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. ते बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर आणा, हलवून बसवा आणि मग टॉर्क द्या. त्याआधी चाक पूर्ण लोंबलेलं असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज, वायर, शाफ्टचा रबरी बूट आणि आर्म-स्प्रिंगमधली फट बघून घ्या.

अलाइनमेंट त्याच दिवशी. उचल दिली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर असणं) बदलतातच, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर दोष बहुतेक कॅस्टरचा (स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागे कललेल्या कोनाचा) असतो, तो कमी झालेला असतो. तंत्रज्ञाला फक्त टो लावून सोडू नका म्हणावं, तिन्ही आकडे छापून घ्या. गाडीला स्टिअरिंग सेन्सर, कॅमेरा किंवा रडार असेल तर त्यांचं कॅलिब्रेशन वेगळं करून घ्यावं लागतं.

हेडलाइट विसरू नका. 3.2 मीटर व्हीलबेसवर नाक 30 मि.मी. वर गेलं की दर मीटरला झोत सव्वानऊ मि.मी.च्या आसपास चढतो, म्हणजे 40 मीटरवर 37 सें.मी., आणि दिवा स्वतः वर गेला तो वेगळा. समोरच्याच्या डोळ्यांत जायला तेवढं पुरतं. म्हणून किट बसवण्यापूर्वीच भिंतीवर झोताची वरची कड खडूने आखून ठेवा, जमिनीवर चाकांची जागाही. नंतर गाडी त्याच जागी आणून झोत त्या खुणेपर्यंत खाली घ्या. शंभर किलोमीटर चालल्यावर माथ्याचे तीन नट आणि खालचा बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि पट्टीचं माप पुन्हा घ्या. डाव्या-उजव्या बाजूत पाच-सहा मि.मी.पेक्षा जास्त फरक आला, तर स्ट्रटच्या खालच्या बैठकीत स्प्रिंगेचं टोक आपल्या खाचेत बसलंय का, ते आधी बघा.