समुद्राचं ‘आम्लीकरण’ की ‘आम्लीभवन’?

प्रश्न असा आहे: समुद्राच्या पाण्याचा सामू (pH, आम्लता मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) अजून ८.१ च्या आसपास, म्हणजे पाणी अल्कधर्मीच. मग ‘आम्लीकरण’ हा शब्द चुकीचा नाही का? आणि ‘आम्लीभवन’ का नको?

शंका रास्त आहे. ‘आम्ली’मधला दीर्घ ईकार संस्कृतातल्या ‘च्वि’ प्रत्ययामुळे येतो. अर्थ, जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. काटेकोर धरलं तर सामू ७ च्या खाली गेल्याशिवाय हा शब्द लागू पडत नाही. पण मराठीत असे शब्द आता दिशा दाखवतात. गावाचं शहरीकरण होतंय म्हणताना गावाचं शहर झालेलं नसतं, वाळवंटीकरणाचंही तेच. त्यामुळे शब्द मला चुकीचा वाटत नाही.

औद्योगिक क्रांतीपासून सामू ८.२ वरून ८.१ वर आला; हा फरक किरकोळ वाटतो खरा. पण सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, म्हणून या एका दशांशात ते पावपटीहून जास्त वाढले. हे आयन पाण्यातला कार्बोनेट अडवून ठेवतात, आणि कालवांना, तिसऱ्या-शिंपल्यांना, प्रवाळांना कवच बांधायला तोच लागतो. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, कारण फरशी चुनखडीची. शिंपलाही त्याच पदार्थाचा. समुद्रात मात्र कवच विरघळण्याच्या आधीच ते बांधायचा माल कमी पडतो.

२००७-०८ च्या सुमारास अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर, व्हिस्की क्रीक इथल्या पैदास केंद्रात कालवांचं बीज, म्हणजे अगदी लहान पिल्लं, मोठ्या प्रमाणावर मेलं. आधी जिवाणूंवर संशय गेला. पुढे कळलं की खोल समुद्रातून वर येणारं कमी सामूचं पाणी टाक्यांत येत होतं. मग त्या पाण्यात सोडा मिसळून बीज वाचवावं लागलं. कालवं हीच ज्यांची रोजीरोटी, त्यांच्यासाठी हा शब्दाचा कीस नव्हता.

आता ‘भवन’. त्यात आपोआप घडल्याचा भाव आहे. इथे तर कर्ता ठाऊक आहे: कोळसा-तेल जाळून आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषतो, आणि त्यानेच पाण्याचा सामू उतरतो. म्हणून ‘करण’च हवं, असं माझं ठाम मत आहे.

‘अम्ल’ आणि ‘आम्ल’ दोन्ही शुद्ध; मराठी पाठ्यपुस्तकांत ‘आम्ल’ रुळलं आहे. ‘समुद्र आंबट होतोय’ असा मथळा मात्र नको, चव काही बदललेली नाही. त्यापेक्षा ‘समुद्राचा सामू उतरतोय’ लिहावं. माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्याला तो शब्द लगेच कळतो.