इनेप्ट आणि आपले आप्त
फोंड्याहून विचारणा आली आहे: इंग्रजी 'इनेप्ट' (inept) म्हणजे अपात्रच ना? भाषणांत तर तसंच वापरतात.

वापरतात खरं, आणि दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखं होतं. ज्याचा अर्ज छाननीतच बाद होतो तो अपात्र. इनेप्ट माणसाला काम मिळालेलं असतं, तो ते मनापासून करतो आणि बिघडवून ठेवतो. परवा आमच्याकडे नवा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आला. सरसर माडावर चढला, कोयताही झकास चालवला. पण पाचांतले तीन नारळ थेट पडवीच्या कौलांवर! काही कोशकार इथे 'अयोग्य' लिहून मोकळे होतात. तो अर्थ 'इनॅप्ट' (inapt) या जुळ्या शब्दाचा. गैरलागू उपमा इनॅप्ट, उपमा धड जमत नाही तो कवी इनेप्ट.

दोघांचं मूळ लॅटिन 'अप्तुस', म्हणजे नीट बसणारा. नकाराचा 'इन' मागे लागला की तिथे 'अ'चा 'ए' होई, म्हणून 'इनेप्तुस'. 'आर्स' म्हणजे कसब. ते नसलेला 'इनेर्स', आणि त्यातूनच आपला रसायनशास्त्रातला 'इनर्ट' वायू. बिचारा निष्क्रिय नंतर झाला, आधी बिनकसबी होता!

आता खरी गंमत. अप्तुस म्हणताना आपले आप्त आठवले की नाही? 'आप्लृ व्याप्तौ', म्हणजे व्यापणे या अर्थाचा 'आप्', हा धातुपाठातला, संस्कृत धातूंच्या यादीतला, धातू. प्राप्त, पर्याप्त, समाप्त, ईप्सित ही सगळी त्याचीच पोरं. हा आप् आणि लॅटिनचा 'अपिस्कोर', म्हणजे मिळवणे, एकाच घरचे असं जुने पंडित मानत आले. अप्तुसचं मूळ 'बांधणे', ते घर वेगळं, असा फाटा काहीजण फोडतात. अहो, आप्त म्हणजे तरी काय, आपल्याशी बांधलेलाच माणूस ना? माझ्या लेखी इनेप्ट तो, ज्याची हत्यारं त्याची आप्त झाली नाहीत.

गोव्याला हा शब्द पोर्तुगीजांमुळे आधीच ठाऊक. दाव्यात नेमकं काय मागितलंय तेच कळेना, की पोर्तुगीज कायद्यात तो अर्ज 'इनेप्ता' ठरतो. आमचे एक आजोबा त्या अमदानीत कोर्टात लेखनिक होते. हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, मीठ कमी पडलं की ताट सरकवून म्हणायचे, 'इनेप्ता!'

मराठी शब्द हवाच असेल तर कारभाराला 'गलथान' आहे, माणसाला 'वकूब नसलेला'. पाडेल्याला मात्र मी यातलं काहीच म्हटलं नाही. माडावर चढणारा हल्ली मिळतो कुठे?