सावित्रीतल्या मगरींनी कुत्र्याला वाचवले, म्हणजे मगरीला दया येते का?

आपण विचारले आहे की, महाडच्या सावित्री नदीत मगरींनी एका कुत्र्याला नाकाने ढकलत काठाला लावले ही बातमी खरी असेल, तर मगरीला दया येते असे मानावे, की हा प्राणी निव्वळ सहजप्रवृत्तीवर जगतो असे मानावे. मी बडोद्यात राहतो, इथल्याच विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकलो आणि विश्वामित्री नदीतल्या मगरी पाहतच लहानाचा मोठा झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे मत असे आहे की, त्या प्रसंगावरून दया सिद्ध होत नाही; पण ‘मगर म्हणजे नुसती भूक’ ही समजूत मात्र त्याहून कितीतरी अधिक चुकीची आहे.

आधी मूळ नोंद पाहू. ती २०२३ साली ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या शोधपत्रिकेत आली. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केलेला एक कुत्रा उथळ पाण्यात शिरला, जवळच तरंगणाऱ्या तीन मोठ्या मगरी त्याच्याकडे आल्या आणि त्यांतल्या दोघींनी त्याला नाकाच्या टोकाने स्पर्श करत, टोळी जिथे उभी होती ती जागा टाळून, काठाच्या सुरक्षित भागाकडे वळवले. कुत्रा सहज हाती लागेल इतका जवळ असूनही त्याच्यावर हल्ला झाला नाही. यामागे भावनिक सहानुभूती असू शकेल, असे संशोधकांनी एक शक्यता म्हणून मांडले होते. वर्तमानपत्रांत येईपर्यंत त्या शक्यतेचा निष्कर्ष होऊन गेला.

या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नाकाचा स्पर्श. मगरीच्या जबड्यांच्या कडेने, विशेषतः दातांच्या आजूबाजूला, बारीक काळसर उंचवटे असतात. ते कशासाठी आहेत हे बराच काळ नीट कळलेले नव्हते. २००२ साली डॅफ्नी सोअरेस या संशोधिकेने अमेरिकन अलिगेटरांवर (मगरीच्याच नात्यातल्या, पण वेगळ्या कुळातल्या प्राण्यांवर) प्रयोग करून दाखवले की, पूर्ण अंधारात, कान बंद केलेले असतानाही, पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेल्या एका थेंबाच्या दिशेने अलिगेटर वळतात, आणि हे उंचवटे झाकून टाकले की वळत नाहीत. अलिगेटरांना हे उंचवटे फक्त डोक्यावर असतात. आपली मगर ज्या कुळातली आहे, त्या कुळातल्या प्राण्यांच्या सर्वांगावरच्या खवल्यांत ते आढळतात. पुढे २०१२ मध्ये डंकन लीच आणि केनेथ कॅटानिया या संशोधकांनी मोजमापे घेतली, तेव्हा जबड्यावरच्या या इंद्रियांची स्पर्शसंवेदना माणसाच्या बोटांच्या टोकांपेक्षाही तीक्ष्ण असल्याचे दिसून आले. म्हणजे बाहेरून चिलखतासारखे दिसणारे ते तोंड प्रत्यक्षात अत्यंत हळवे असते, आणि समोरची वस्तू काय आहे हे जाणून घ्यायचे तर मगर तिला तोंडानेच चाचपणार. सावित्रीतल्या मगरी कुत्र्याला ढकलत होत्या की तपासत होत्या, हा प्रश्न त्यामुळे अगदी खरा आहे. शिवाय मगर शीतरक्ताची असल्याने तिला सस्तन प्राण्यांच्या मानाने फार कमी अन्न लागते, त्यामुळे पोट भरलेले असताना समोर आलेला प्राणी तिने सोडून देणे यात नवल नाही.

आता सहजप्रवृत्तीविषयी. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू म्हणजे राग, भूक आणि भय एवढेच, हा समज मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांच्या त्रिस्तरीय मेंदूच्या कल्पनेतून (मेंदूचे तीन थर असून सर्वांत आदिम थर सरपटणाऱ्या प्राण्यांचा, या कल्पनेतून) पसरला आणि अनेक व्याख्यानांतून आजही ऐकू येतो. मेंदूच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी ती कल्पना केव्हाच बाजूला ठेवली आहे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांमध्ये मगरींचे सर्वांत जवळचे नातलग सरडे किंवा साप नाहीत, पक्षी आहेत. २०१५ साली ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या लहान मगरींवर झालेल्या एका अभ्यासात त्या एक डोळा उघडा ठेवून विसावतात असे दिसले. खोलीत माणूस आला की उघडा डोळा त्याच्याकडे असे, आणि तो निघून गेल्यावरही जिथे तो उभा होता त्या जागेकडे काही काळ रोखलेला राही. समोर नसलेल्या गोष्टीचे भान राखणे म्हणजे नुसते ठोकळेबाज प्रतिक्षेप (आपोआप होणाऱ्या प्रतिक्रिया) नव्हेत.

पिल्लांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. नाईल मगरींची पिल्ले अंड्यातूनच आवाज काढतात आणि तो ध्वनिमुद्रित करून ऐकवला तरी आई घरटे उकरू लागते, हे २००८ साली प्रयोगाने दाखवले गेले. आपल्या मगरींविषयीची १९८६ सालची नोंद मला विशेष प्रिय आहे, कारण तीत मद्रास क्रोकोडाइल बँक या चेन्नईजवळच्या मगर-संवर्धन केंद्रातल्या नरांनीही घरटे उघडून पिल्ले तोंडात धरून पाण्यात नेल्याचे वर्णन आहे. ज्या जबड्याची आपल्याला धडकी भरते, त्याच जबड्यातून नुकतेच अंड्यातून आलेले पिल्लू ओरखडाही न उठता पाण्यात पोहोचते. काळजी घेण्याची क्षमता मगरीत आहे. ती परक्या जातीच्या प्राण्यापर्यंत पोहोचते का, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा एक अभ्यास २०२३ मध्येच प्रसिद्ध झाला. मोरोक्कोतल्या एका उद्यानात नाईल मगरींना माणसाच्या, चिंपांझीच्या आणि बोनोबो या चिंपांझीसारख्याच वानराच्या बाळांचे रडणे ऐकवले गेले. रडणे जितके व्याकूळ, तितक्या अधिक मगरी आवाजाच्या रोखाने येत. बोनोबोच्या रडण्यातली व्याकुळता ओळखण्यात तर त्या माणसांपेक्षा सरस ठरल्या. पण संशोधकांना यामागे मुख्यतः शिकारीचा हेतू दिसला. काही मगरींच्या वागण्यात मातृत्वाचा अंश असू शकेल, असेही त्यांनी म्हटले. दुसऱ्याचे दुःख ओळखणे आणि त्या दुःखाने स्वतः कळवळणे यांत जे अंतर आहे, ते इथे स्पष्ट दिसते, आणि सावित्रीची बातमी देताना नेमके तेच पुसले गेले.

मग दयेचा दावा मान्य करायला काय लागेल? असे प्रसंग अनेकदा नोंदले गेले पाहिजेत, त्या मगरी भुकेल्या होत्या की नाही हे ठाऊक हवे, आणि वाहत आलेल्या ओंडक्याला किंवा मेलेल्या जनावराला त्या अशाच प्रकारे काठाकडे लोटतात का, हेही पाहायला हवे. मगरी नाकावर काटक्या धरून घरट्यासाठी काड्या शोधणाऱ्या पक्ष्यांना भुलवतात, असे २०१३ साली मांडले गेले तेव्हा ते वाचून मलाही फार आनंद झाला होता. पण पुढे अलिगेटरांवर ती कल्पना तपासली गेली, तेव्हा तिला आधार मिळाला नाही. तपासण्याचा हा कंटाळवाणा भाग टाळून चालत नाही.

आपण मगरींच्या नदीजवळ राहत असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. बडोद्यात २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या, तेव्हा ‘त्यांना कुठेतरी लांब नेऊन सोडा’ असे अनेकांचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडलेल्या तीन मगरी उपग्रहाच्या साहाय्याने मागोवा घेतला असता आपापल्या जागी परतल्याचे २००७ साली नोंदले गेले. त्यांतली एक समुद्रमार्गे चारशेहून अधिक किलोमीटर पोहत आली. पकडलेल्या मगरी त्याच नदीत सोडण्यामागे हेही एक कारण समजून घ्यावे, आणि सावित्रीची बातमी वाचून कोणीही त्यांच्या हद्दीत पाण्यात उतरू नये.