गटात घालताय? मग हे ऐका

ताई, लेकाला सोशल स्किल्सच्या, म्हणजे चारचौघांत मिसळायला-वागायला शिकवणाऱ्या गटात घालताय, बरं करताय. आमचा तीन वर्षं भुसावळहून जळगावला जातोय, म्हणून सांगते.

आधी गट बघा. चार ते सहा मुलं, वय आणि बोलण्याची पातळी साधारण जुळणारी. पंधरा जणं एका खोलीत म्हणजे शिकवणीच ती! गट घेणाऱ्या बाई स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षिका असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी विचारा. लाजू नका.

पहिले दोन महिने आमचा टेबलाखाली बसला. बाईंनी ओढून काढला नाही, खेळच खाली सरकवला. तेव्हा मला पटलं, जागा बरोबर आहे. ‘डोळ्यांत बघून बोल’ असा हट्ट धरणारी जागा आम्ही आधी सोडली होती. मान खाली घालूनही तो सगळं ऐकतो.

गटात आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकला, पण घरी येऊन चुलतभावाच्या हातातली बॅट हिसकावलीच. खोलीतलं शिकलेलं आपोआप अंगणात येत नाही. म्हणून दर आठवड्याला बाईंना विचारा, आज काय घेतलं? तेच घरी करा. आम्ही भरीत-पार्टीत त्याला पुऱ्या वाढायला लावतो : विचारायचं, थांबायचं, वाढायचं, पुढे जायचं.

आणि घरी अहिराणी बोलत असाल तर बाईंना पहिल्याच दिवशी सांगा. आमचा आजीशी बोलतो तसं ‘माले दे’ (मला दे) म्हणायचा, ते तिथे दोन महिने कुणाला कळलंच नाही.