समुद्राचे नकाशे काढणारं नेव्हीचं जहाज अडकलेल्या मच्छीमारांना वाचवू शकतं का?

हो, नक्कीच. समुद्रात कोणी संकटात असेल तर जवळ असेल त्या जहाजाने धावून जायचं, हा नियमच आहे, मग ते सर्व्हेचं असो की मिसाईलवालं. उलट सर्व्हे जहाज यात बरंच कामाला येतं, कारण तळाची खोली मोजायला त्याच्याकडे छोट्या मोटरबोटी असतात आणि त्याच खाली सोडून माणसं आणता येतात. आयएनएस संधायक, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झाली, तिच्यावर तर हेलिकॉप्टरची पण सोय आहे आणि गरज पडली तर हॉस्पिटल शिप म्हणूनही वापरता येते. २००४ च्या त्सुनामीत आयएनएस निरुपक हे सर्व्हे जहाज असंच हॉस्पिटल बनून इंडोनेशियाला गेलं होतं.

बोट अडकली की खरा कस लागतो तो टोइंगला. जुलै २०२३ मध्ये आयएनएस खंजरने (ही सर्व्हेची नाही, कॉर्व्हेट म्हणजे छोटी युद्धनौका आहे) तामिळनाडू किनाऱ्यापासून साधारण १३० सागरी मैलांवर अडकलेल्या ३ बोटी आणि ३६ मच्छीमार ३० तासांहून जास्त वेळ ओढत चेन्नईला आणले. खवळलेल्या पाण्यात दोर एकदा ताणतो, एकदा ढिला पडतो, जरा स्पीड वाढवला तर तुटणारच, म्हणून एवढ्या मोठ्या जहाजाला अगदी हळू चालावं लागतं.

आणि आपल्याकडच्या तांडेलांनी, खलाशांनी कोस्ट गार्डचा १५५४ नंबर पाठच करून ठेवा, प्लीज. मोबाईलला रेंज नसेल तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर (वायरलेसवर) चॅनल १६.