डीपीटी की डीपीएमटी?

तू लिहितोस, “दहावीला ६८ टक्के पडले. बाबा जळगावला चटईच्या कारखान्यात मशीनवर आहेत, म्हणतात या गरमीत तू येऊ नकोस. काका म्हणतात, प्लास्टिक तर बंदच होणार. मला सिपेटचा, म्हणजे प्लास्टिकचं शिक्षण देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, डिप्लोमा करायचाय. डीपीटी (प्लास्टिक्स टेक्नॉलॉजी) घेऊ की डीपीएमटी (प्लास्टिक्स मोल्ड टेक्नॉलॉजी)?”

काकांचं आधी उरकतो. महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली ती पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या असल्या मालावर. पाइप आणि गाडीचे पार्ट त्यात नव्हते.

बाबांची गरमी मात्र खरी आहे. त्यांच्याकडे चटईची नळी निघते ती एक्स्ट्रूजनने. हॉपरमधला, म्हणजे वरच्या नरसाळ्यातला, प्लास्टिकचा दाणा तापलेल्या नळकांड्यात, बॅरलमध्ये येतो, स्क्रू त्याला वितळवत पुढे रेटतो आणि डायमधून, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या भोकाच्या साच्यातून, नळी न थांबता निघत राहते. ठिबकच्या नळ्याही अशाच.

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये दाणा आणि स्क्रू असतातच, पण वितळलेला माल दाबाने बंद मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, शिरतो. थंड झाला की मोल्ड उघडतो, पीस खाली पडतो. बादली, स्विच, डॅशबोर्ड, सगळं यातलं. एक पीस काढायच्या सायकलचा बराचसा वेळ थंड होण्यातच जातो. त्यामुळे मोल्डमध्ये पाण्याच्या वाटा कुठून काढल्या, यावर मालकाचा नफा ठरतो. मशीन विकत मिळतं रे, चांगला मोल्ड घडवणारा सहज मिळत नाही.

बाटली हवा फुंकून फुगवतात, ती ब्लो मोल्डिंग. गच्चीवरची काळी टाकी रोटोमोल्डिंगची: पावडर भरलेला मोल्ड भट्टीत दोन अंगांनी फिरवतात, दाब जवळपास नसतोच.

आता तुझा प्रश्न. दोन्ही कोर्स दहावीनंतर तीन वर्षांचे. डीपीटीत कच्चा माल, प्रक्रिया, टेस्टिंग; डीपीएमटीत मोल्डचं डिझाइन आणि तो घडवणं. पीसच्या कडेला फ्लॅश (मोल्डच्या फटीतून बाहेर आलेला जादा माल) आली, तर तुझा हात प्रेशर-टेंपरेचरच्या पॅनेलकडे जाईल, की मोल्ड उतरवून बघावासा वाटेल? पहिलं असेल तर डीपीटी. ड्रॉइंग आवडत असेल आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी तासभर झगडायची तयारी असेल, तर मी डीपीएमटीच सांगेन. तो हात डाय-कास्टिंगलाही, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरायच्या कामालाही, चालतो.

तुला जवळचं केंद्र छत्रपती संभाजीनगरचं. तिथे यंदा कोणते कोर्स आहेत ते माहितीपत्रकात बघ. त्याआधी बाबांना विचार, डाय बिघडली की कारखाना कुणाला फोन करतो. त्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये एक दुपार बसून ये, मग फॉर्म भर.