नवीन आशाताईसाठी: म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाताना

अगं घाबरू नकोस, मी तर पहिल्या वर्षी बीपीचा पट्टा स्वेटरवरूनच बांधला होता. आत्ता फक्त एवढं बघ.

१. बीपीआधी ५ मिनिटं शांत बसवायचं, नुकताच चहा झाला असेल तर अर्धा तास थांब, नाहीतर आकडा उगाच वर जातो आणि घरचे घाबरून गोळी डबल देतात.

२. आजी पडल्या की सगळे धावत येऊन काखेत हात घालून उभं करतात, ही सगळ्यात कॉमन चूक. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलंय समज, हलवू नको, १०८ लाव. नुसतं गावाचं नाव नको, देवळामागचं घर वगैरे खूण सांग आणि एकाला रस्त्यावर उभं कर.

३. अचानक तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं, यातलं एक जरी असलं तरी लकवा समज, पाणीसुद्धा पाजायचं नाही, शेवटचे ठीक कधी दिसले ती वेळ लिहून घे, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, डॉक्टर आधी तेच विचारतात.

कॅथेटर, ड्रेसिंग वगैरे नंतर, सिस्टर शिकवतील.